वेडेपणाचा दाखला

मुंबईकडे कोणी विक्षिप्त वागूं लागला कीं 'याला ठाण्यास पाठवा' असें लोक थट्टेनें म्हणतात. पुणेकर त्याच कामीं येरवड्याचें नांव घेतात आणि कोंकणांत रत्नागिरीचें निघतें. या ठिकाणीं वेड्यांचीं मोठीं इस्पितळें आहेत, म्हणून ही बोलण्याची तऱ्हा पडली. तिच्यांत कोणाचें मन दुखविण्याचा हेतु बहुधा नसतो. परंतु या थट्टेंत एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि आम्हांस ती विचार करण्याजोगी वाटते. मनाच्या दुखण्यावरील इलाज म्हणजे मनुष्याला कोठें तरी 'पाठविणें'. तेथें कोणी आपल्या पायांनीं जात नसतो, ही ती गोष्ट होय. खोकला पंधरा दिवस हटला नाहीं तर मनुष्य आपण होऊन डॉक्टराकडे जातो. दाढ ठणकूं लागली तर मध्यरात्रींही घर जागें करतो. पण झोंप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, नको ते विचार मनांत घर करून बसले, तर तोच मनुष्य महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें, तोंडांतून चकार शब्द काढीत नाहीं. घरच्या माणसांच्या लक्षांत आलें तरी तींही 'होईल बरा' म्हणून दिवस ढकलतात. अखेर कांहीं अघटित घडलें म्हणजे धांवाधांव सुरू होते.

असें कां होतें म्हणून विचारलें तर अज्ञान, लोकलज्जा, देवदेवस्की अशीं तयार उत्तरें मिळतात. तीं खोटीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. गाणगापूर किंवा नरसोबाची वाडी करून मग डॉक्टराकडे आलेलीं कुटुंबें कोणाच्या पाहण्यांत नाहींत? मात्र एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. कारण जेथें यांपैकीं पुष्कळ गोष्टी नव्हत्या त्या इंग्लंडांतही लोक असेच अगदीं शेवटच्या घटकेपर्यंत थांबत असत. तेथल्या इतिहासाचीं पानें चाळतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, हें थांबणें लोकांना कायद्यानेंच शिकविलें होतें. मनुष्य पुरता वेडा ठरल्याखेरीज सार्वजनिक इस्पितळाचें दार त्याला उघडावयाचें नाहीं, असा तेथला नियम होता. आणि विशेष हें कीं, तो नियम निर्दय माणसांनीं केलेला नसून भल्या माणसांनीं भल्या हेतूनें केलेला होता. तो मोडण्यास किती वर्षें व कोणाचे श्रम लागले, ती हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपला या विषयावरील कायदा त्याच घरचा असल्यामुळें ही हकीकत आपल्याला परकी नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील सुशिक्षितांस वेडापेक्षां वेडे ठरविले जाण्याची भीति अधिक वाटे. वेड्यांना ठेवून घेणारीं खासगी घरें पैशावर चालत. इस्टेटीसाठीं नात्यांतल्या माणसाला, किंवा नकोशी झाली म्हणून बायकोला, तेथें कोंडून ठेवितां येतें अशी सार्वत्रिक समजूत होती, आणि ती सर्वस्वीं निराधार नव्हती. १८१२ सालीं पार्लमेंटाच्या इमारतींत ज्यांचा खून झाला त्या मुख्य प्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा जॉन पर्सिव्हल हा तरुणपणीं अशा घरांत राहून आला होता. तेथें नेलें तेव्हां आपण खरोखर भ्रमिष्ट होतों, हें त्यानें लपविलें नाहीं. पण बरा होत असतांनाही आपल्याला ज्या रीतीनें वागविलें गेलें तिचा संताप त्याच्या मनांतून जन्मभर गेला नाहीं. वेडे ठरविल्या गेलेल्या माणसांची कैवारी म्हणून १८४५ सालीं एक मंडळी निघाली, तिच्या प्रमुख चालकांत तो होता. १८६३ सालीं चार्ल्स रीड यानें 'हार्ड कॅश' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तींत बापच शहाण्या मुलाला वेड्यांच्या घरांत अडकवितो. पुढें १८७८ सालीं जॉर्जिना वेल्डन या बाईचें प्रकरण गाजलें. तिच्यापासून वेगळा राहणाऱ्या नवऱ्यानें तिला वेडी ठरवून नेण्याची तजवीज केली होती. बाई निसटली, लपून राहिली, आणि विवाहित स्त्रियांस स्वतःच्या नांवानें दावा लावण्याचा हक्क मिळतांच तिनें संबंधित डॉक्टरांवर एकामागून एक फिर्यादी लावून त्यांना हैराण केलें. कादंबरींतली भीति खऱ्या कोर्टांत उभी राहिलेली लोकांनीं पाहिली.

या सर्वांचें फळ म्हणजे १८९० चा वेड्यांविषयींचा कायदा. नातेवाइकांनीं अर्ज करावा, दोन डॉक्टरांनीं स्वतंत्रपणें तपासून दाखले द्यावे, ते न्यायाधिकाऱ्यानें पाहावे, आणि त्याचा हुकूम झाल्यावरच मनुष्यास इस्पितळांत घ्यावें, अशी त्यांत योजना होती. गरिबांच्या बाबतींत रीत थोडी निराळी होती. पण दाखला आणि हुकूम त्यांनाही चुकत नसे. शहाण्या माणसाच्या स्वातंत्र्याचें रक्षण करणारा असा कायदा पाहून कोणासही समाधान वाटावें. आम्हांसही तें वाटतें. मात्र ज्याचें मन नुकतेंच ढळूं लागलें आहे, ज्याला स्वतःला तें कळत आहे, आणि जो कोणाचा तरी आधार शोधीत आहे, त्याची वाट काय, हा प्रश्न या कायद्यानें विचारलाच नाहीं. पैसे मोजूं शकणाऱ्यास खासगी घरांत स्वखुषीनें राहण्याची मुभा होती. स्कॉटलंडांत तर १८६० नंतरच्या दशकापासून स्वेच्छेनें दाखल होतां येत असे. पण इंग्लंडांतील गरीब मनुष्य परगण्याच्या सार्वजनिक इस्पितळाच्या दारांत उभा राहून 'मला आंत घ्या, माझें मन ठिकाणावर नाहीं' असें म्हणाला, तर त्याला परत पाठविणें अधिकाऱ्यांस भाग होतें. तो अजून पुरेसा वेडा नव्हता! ताप १०५ अंशांपर्यंत चढल्याचा दाखला आणा म्हणजे औषध देऊं, असें म्हणणारा वैद्य आपण कधीं पाहिला आहे काय?

आणि दाखला मिळाल्यावर त्याचा डाग जन्माचा. नोकरी, लग्न, मुलाबाळांचीं लग्नें, सर्वांवर त्याची सावली. म्हणून घरचीं माणसें दाखल्याची वेळ जितकी लांबवितां येईल तितकी लांबवीत. रोगी इस्पितळांत पोंचे तो दुखणें मुरल्यावर. बरें होणें कठीण होऊन बसलेलें असे. दरसाल बाहेर पडणाऱ्यांपेक्षां आंत येणारे अधिक, म्हणून इमारतींस इमारती जोडाव्या लागत. लंडनजवळचें १८५१ सालीं उघडलेलें कोल्नी हॅच एकटें दोन हजारांवर माणसें पोटांत घालून बसलें होतें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंड-वेल्समध्यें दाखलेवाल्या वेड्यांची संख्या लाखाच्या पुढें गेली होती. डॉक्टरांच्या दृष्टीस जे रोगी पडत ते सर्व शेवटच्या अवस्थेंतले. त्यावरून त्यांनीं निष्कर्ष काढला कीं, वेड हें बहुधा असाध्यच असतें. लोकांनीं तो निष्कर्ष ऐकला आणि म्हटलें, असाध्यच असेल तर डॉक्टराकडे जाऊन काय उपयोग? हें दुष्टचक्र कोणा एकाच्या लबाडीनें सुरू झालें नव्हतें. म्हणूनच तें थांबवावयास फार अवघड गेलें.

तें थांबविण्यास ज्याचा पैसा कारणीभूत झाला तो हेन्री मॉड्स्ली हा मोठा चमत्कारिक पुरुष. १८३५ सालीं यॉर्कशायरमध्यें त्याचा जन्म झाला. चोविसाव्या वर्षाच्या आंतबाहेर तो मँचेस्टरजवळच्या एका वेड्यांच्या इस्पितळाचा मुख्य झाला. हॅनवेलच्या इस्पितळांतून साखळ्या-पट्टे काढून टाकणाऱ्या जॉन कॉनोली यांचा तो जांवई. सासरे आशावादी, जांवई मात्र वेड आनुवंशिक असतें, घराण्याचा ऱ्हास त्यांतून दिसून येतो, असें आपल्या ग्रंथांतून मोठ्या निराशेनें प्रतिपादीत असे. त्याचें लेखन वाचणाऱ्यास हा गृहस्थ कोणाला बरें करण्यासाठीं दमडी खर्च करील असें वाटूं नये. आणि त्यानेंच १९०७ सालीं लंडन काउंटी कौन्सिलपुढें ३०,००० पौंडांची देणगी ठेवली. त्याच्या अटी देणगीहून मोलाच्या होत्या. इस्पितळ केवळ नव्या व तीव्र दुखण्यांसाठीं असावें. बाहेरून येऊन जाणाऱ्या रोग्यांसाठीं तेथें स्वतंत्र विभाग असावा. तेथें शिक्षण व संशोधन चालावें. आणि तें शहराबाहेर रानांत नसून लंडनच्या मध्यापासून तीन-चार मैलांच्या आंत असावें. कौन्सिलच्या इस्पितळांचे शास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉट यांनीं या कामीं मध्यस्थी केली. त्यांच्या डोळ्यांपुढें क्रेपेलिन यांच्या म्युनिक येथील चिकित्सालयाचा नमुना होता. निराशेचें शास्त्र लिहिणाऱ्यानें आशेचें इस्पितळ कां बांधावें? आम्हांस असें वाटतें कीं, उशिरा आलेले रोगी पन्नास वर्षें पाहून पाहून ज्याची निराशा झाली होती, त्यालाच लवकर आलेला रोगी कसा असेल हें पाहण्याची ओढ लागली असावी. हा आमचा तर्क आहे. मॉड्स्ली यांच्या मनांतलें मॉड्स्ली जाणे.

याच सुमारास एका बाईनें हेंच काम देणगी-कौन्सिलाच्या गाजावाज्याशिवाय सुरू करून टाकलें होतें, आणि इतिहासांत तिचें नांव मागें पडलें याचें आम्हांस वाईट वाटतें. डॉ. हेलन बॉइल यांनीं तरुणपणीं लंडनच्या क्लेबरी येथील मोठ्या वेड्यांच्या इस्पितळांत नोकरी केली होती. तेथें येणाऱ्या गरीब बायकांकडे पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं, यांना कोणी दोन वर्षें आधीं भेटलें असतें तर या येथें आल्याच नसत्या. त्यांनीं आपल्या एका मैत्रिणीसह गरिबांसाठीं दवाखाना काढला आणि १९०५ सालीं ब्रायटन येथें एका साध्या राहत्या घरांत इस्पितळ उघडलें. मनाचा तोल सुटूं लागलेल्या, पण दाखला न मिळालेल्या, गरीब स्त्रियांस व मुलांस तेथें घेत. दाखला नाहीं, मॅजिस्ट्रेट नाहीं. कायद्यानें जी माणसें कोणाचींच नव्हतीं तीं बॉइलबाईंचीं. १९३९ सालीं इंग्लंडांतील मानसरोगवैद्यांच्या मुख्य संस्थेनें त्यांना अध्यक्षपद दिलें. त्या जागीं बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

मॉड्स्ली यांच्या इस्पितळास मात्र कायद्याची अडचण आली. इमारत कौन्सिलची, म्हणजे सार्वजनिक. तींत दाखल्यावांचून रोगी घेणार कसा? त्यासाठीं पार्लमेंटाची परवानगी काढावी लागली, आणि ती १९१५ सालीं लंडन काउंटी कौन्सिलच्या बागबगीचे वगैरेंसंबंधीच्या एका कायद्यांत एक कलम घुसवून मिळविण्यांत आली. मनुष्यानें आपल्या पायांनीं इस्पितळांत जावें ही मुभा बगीच्यांच्या कायद्याच्या पोटांतून यावी, हें वाचून आम्हांस हंसूं आलें. पण सरळ दारानें गेली असती तर ती किती वर्षें अडकून पडली असती, कोण सांगेल? इमारत डेन्मार्क हिल येथें उभी राहिली तों महायुद्ध सुरू झालेलें होतें. म्हणून तींत आधीं लष्करानें आपले शिपाई आणून ठेविले. मॉड्स्ली १९१८ सालीं वारले. नागरिकांसाठीं उघडलेलें आपलें इस्पितळ त्यांनीं पाहिलें नाहीं. तें १९२३ सालीं उघडलें, आणि एडवर्ड मॅपोदर त्याचे पहिले मुख्य झाले.

त्या शिपायांनीं नकळत मोठें काम केलें. तोफांच्या भडिमाराखालीं धडधाकट, शूर, चांगल्या घराण्यांतले तरुण थरथर कांपूं लागले, मुके झाले, रात्रीं किंचाळून उठूं लागले. यांना आनुवंशिक ऱ्हासाचे बळी म्हणावयास कोणाची जीभ धजेना, आणि देशासाठीं लढलेल्या माणसावर वेडेपणाचा दाखला चिकटविणें जनतेला सहन होण्यासारखें नव्हतें. त्यांच्यासाठीं दाखल्यावांचून इस्पितळें निघालीं; कांहीं डॉक्टर त्यांच्याशीं बोलून, त्यांचें ऐकून घेऊन उपचार करूं लागले. १९२० सालीं लंडनमध्यें टॅव्हिस्टॉक क्लिनिक निघालें, तें याच अनुभवाच्या पायावर. युद्धांत जें शिपायांना मिळालें तें सामान्य माणसाला कां मिळूं नये, हा त्याच्या चालकांचा सवाल होता. तेथें आलेला पहिला रोगी एक लहान मूल होतें.

पुढची वाटचाल थोडक्यांत सांगतां येते. वेड्यांच्या इस्पितळांविरुद्ध ओरड झाल्यावरून १९२४ सालीं एक रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. त्यानें १९२६ सालीं असा अभिप्राय दिला कीं, दाखला हा उपचाराचा आरंभ नसून सर्व उपाय हरल्यावरचा शेवट असावा. त्यावरून १९३० चा कायदा झाला. आतां कोणाही प्रौढ माणसास स्वतः अर्ज करून सार्वजनिक इस्पितळांत राहतां येऊं लागलें, आणि तीन दिवसांची नोटीस देऊन बाहेरही पडतां येऊं लागलें. स्थानिक संस्थांना बाहेरच्या रोग्यांसाठीं दवाखाने काढण्याची मुभा मिळाली. दुसरें महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास नव्यानें दाखल होणाऱ्यांपैकीं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोक स्वखुषीनें येत होते. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांना दारांतून परत लावण्यांत येई तीच हीं माणसें.

येथें एक शंका नोंदविल्यावांचून आम्हांस पुढें जावत नाहीं. 'लवकर उपचार' या शब्दांत एक धोका आहे. ज्या पिढीनें लवकर उपचारांचा पुकारा केला तिच्यांतच, दुर्बळ मनाच्या माणसांना लहानपणींच हुडकून समाजापासून वेगळें काढावें, असें म्हणणारेही होते. १९१३ सालीं इंग्लंडांत मतिमंदांविषयीं झालेला कायदा त्या विचारांच्या छायेंतला आहे. पर्सिव्हल आणि वेल्डनबाई यांची भीति त्या ठिकाणीं पुन्हां खरी ठरली. लवकर येणें आणि आपल्या मर्जीनें येणें हीं दोन्हीं एकत्र असलीं तरच त्याला उपचार म्हणावें. पहिलें ठेवून दुसरें गाळलें तर ती लवकर केलेली कैद होते. बॉइलबाईंच्या घराचें मोल यांतच आहे कीं, तेथून उठून जातां येत असे.

आतां आपल्या घराकडे वळूं. हिंदुस्थानांत १८५८ सालीं वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. त्याची जागा १९१२ च्या कायद्यानें घेतली, आणि या दुसऱ्या कायद्यांतलें एक कलम वाचून आम्ही थक्क झालों. उपचार करून घेण्याची इच्छा असलेल्या माणसानें लेखी अर्ज केला व इस्पितळाच्या दोन व्हिजिटरांनीं संमति दिली, तर त्याला तेथें ठेवून घ्यावें. आणि त्यानें जाण्याची इच्छा लिहून कळविल्यावर चोवीस तासांपेक्षां अधिक काळ अडवूं नये. इंग्लंडांतील गरिबाला जी सोय १९३० सालीं मिळाली ती येथील कायद्यांत अठरा वर्षें आधीं लिहिलेली होती! पण लिहिलेली असणें निराळें. त्याच कायद्यांत, भटकणाऱ्या वेड्यास पोलीस अंमलदारानें धरून मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, हेंही होतें, आणि लोकांच्या डोळ्यांना दिसलें तें हें. पोलीस, मॅजिस्ट्रेट, उंच भिंती. येरवड्यास तुरुंग आणि वेड्यांचें इस्पितळ एकाच गांवीं. 'येरवडा' या एका शब्दानें दोन्हींचा बोध होई. अर्ज लिहून आपण होऊन अशा ठिकाणीं कोण जाणार? शिवाय जावें म्हटलें तरी जागा कोठें होती? भोर समितीनें १९४६ सालीं हिशेब मांडला, तेव्हां चाळीस कोटींच्या देशांत मनोरुग्णांसाठीं सुमारें दहा हजार खाटा निघाल्या: चाळीस हजार माणसांमागें एक. इंग्लंडांत त्या वेळीं तीनशें माणसांमागें एक होती.

खरी वाट भिंतींच्या बाहेरून निघाली. १९३३ सालीं कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं कार्मायकेल मेडिकल कॉलेजांत मनोविकारांसाठीं बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९३७ सालीं मुंबईस टाटांच्या समाजकार्याच्या शाळेनें मुलांसाठीं मार्गदर्शन केंद्र काढलें, आणि १९३८ सालीं जे. जे. हॉस्पिटलांत डॉ. के. आर. मसानी यांनीं मानसरोगांचा विभाग उघडला. जे. जे. मध्यें मनुष्य पोटदुखीसाठींही जातो आणि हाड मोडलें म्हणूनही जातो. कोण कशासाठीं आला हें फाटकावरून कळत नाहीं. मॉड्स्ली यांनीं शहरांतली जागा मागितली होती ती कशासाठीं, हें येथें नीट ध्यानांत येतें.

१९१२ चा कायदा त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. १९८७ सालीं झालेला नवा कायदा १९९३ मध्यें अमलांत आला, तेव्हां तो सुटला. आणि २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा २०१८ पासून लागू झाल्यावर, स्वेच्छेनें येणारा रोगी हा नियम व दुसऱ्यानें आणलेला हा अपवाद, अशी उलटापालट झाली. मधल्या काळांत शास्त्रानेंही आपली साक्ष दिली. भ्रम-भासांचें तीव्र दुखणें उपचारावांचून जितका काळ राहतें, तितकें पुढचें बरें होणें अवघड जातें, असें अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आलें आहे. मेलबर्न येथें १९९२ पासून तर पहिल्याच झटक्यांत तरुणांना गांठणारें स्वतंत्र केंद्र चालूं झालें. तरीही बंगलोरच्या निमहान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत केलेल्या पाहणींत, निरनिराळ्या मानसिक विकारांनीं पीडलेल्यांपैकीं शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत लोक उपचारावांचून असल्याचें आढळलें. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. आपला आंकडा फार निराळा निघाला असता असें मानण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाहीं. कायद्यानें मागितलेला दाखला गेला. घराघरांत मागितला जाणारा दाखला मात्र गेलेला नाहीं. 'इतकें काय झालें आहे तुला?' असें जेव्हां आपण एखाद्या कोमेजलेल्या मुलीस विचारतों, तेव्हां आपण तिच्याकडे १८९० चा कागदच मागत असतों.

ठाणें, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर या चारी सरकारी मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. तेथें सकाळीं खिडकीवर केसपेपर काढावयाचा असतो. रोग्याचें नांव, वय आणि पत्ता एवढें तेथला कारकून विचारतो.